आधी कानाने वाचावं

प्रश्न : आम्ही पेडणे तालुक्यात राहतो. नवरा बोटीवर असतो, सहा-सहा महिने घरी नसतो. घरात मी, सासूबाई, ९ वर्षांचा मुलगा आणि ६ वर्षांची मुलगी. या जूनपासून दोघांना घरीच शिकवायला घेतलं आहे. घरातलं बोलणं सगळं कोंकणी. पण सासूबाईंची पोथी मराठी, जत्रेतली नाटकं मराठी, आणि मी स्वतः चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले. मुलगा इंग्रजी शाळेत होता, त्यामुळे मराठी एकेक अक्षर जोडत वाचतो. चांगलं साहित्य वाचावं म्हणून मी गाजलेल्या पुस्तकांचा २५ पुस्तकांचा संच मागवला. तीन पुस्तकं वाचून त्याने तो कपाटात टाकला. आता कुठून सुरुवात करू?
— एक आई, पेडणे

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यात माझंच पहिलं वर्ष आहे. माझा थोरला तेव्हा ८ वर्षांचा होता, धाकटी ५ वर्षांची. मीही एका प्रदर्शनातून असाच संच आणला होता. जगातली मोठमोठी पुस्तकं, प्रत्येक चाळीस पानांत बसवलेली, पानोपानी रंगीत चित्रं. थोरल्याने आठ दिवसांत सगळ्यांचा फडशा पाडला. नवव्या दिवशी मी विचारलं, "यातलं कोण आवडलं तुला?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आई, सगळ्यांत काहीतरी होतं आणि मग संपतं."

मी त्या रात्री ती पुस्तकं पुन्हा उघडून बसले. पोराचं खरं होतं. घटना सगळ्या जागेवर होत्या, पण माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, पाऊस पडत नव्हता, कोणाला भूक लागत नव्हती. पुस्तक आटोपशीर करताना पहिल्यांदा जातं ते हेच, आणि मूल रमतं तेही यातच. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे : मूळ पुस्तकाची दहाच पानं वाचून झाली तरी चालतील, पण संक्षिप्त आवृत्ती नको. तुमच्या मुलाने तीन पुस्तकांनंतर संच ठेवून दिला याचं वाईट वाटून घेऊ नका. त्याची पारख चांगली आहे.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगते. पुस्तकांचे दोन गठ्ठे करा, एक कानाचा आणि एक डोळ्यांचा. ९ वर्षांचं मूल डोळ्यांनी अडखळत वाचत असलं, तरी कानाने बारा वर्षांच्या मुलाचं पुस्तक समजून घेतं. त्यात तुमची मुलं जत्रेतलं नाटक पहाटेपर्यंत जागून बघणारी. तिथलं भारदस्त मराठी त्यांना कळतं, कोणी अर्थ सांगायला बसत नाही. हा कान तयार आहे. आपण मात्र डोळ्यांना जमेल तेवढंच सोपं-सोपं त्यांच्या हातात देतो, आणि मग मूल पुस्तकाला कंटाळलं म्हणतो.

कानाच्या गठ्ठ्यात काय घ्यावं, याची परीक्षा मी स्वयंपाकघरात घेते. भात शिजेपर्यंत पुस्तकाचं कुठलंही एक पान उभ्या उभ्या मोठ्याने वाचायचं. जीभ अडकत असेल, दोन ओळींनंतर घसा दमत असेल, तर ते पुस्तक परत ठेवायचं, मग ते कितीही नावाजलेलं असो. भात खाली लागायची वेळ आली तरी तुम्ही वाचतच राहिलात, तर तेच पुस्तक घ्यायचं.

आमच्याकडे या परीक्षेत पहिलं उतरलं ते 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ४२ रात्रींच्या गोष्टी आहेत, म्हणजे ते पुस्तक मुळातच सांगण्यासाठी रचलेलं आहे. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. मी पोहण्याच्या गोष्टीपासून सुरुवात केली. मे महिना होता. आम्ही तिघं पडवीत भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसलो होतो. मी हात पुसून पुस्तक घेतलं, मुलं फोडत राहिली. पाण्याला घाबरणारा श्याम लपून बसतो, आणि एरवी मायेने बोलणारी त्याची आई शिमटी उगारते, इथवर आले आणि बघते तर धाकटीचे दोन्ही हात लाल रसात तसेच थांबलेले. गोष्ट संपल्यावर मी काहीही विचारलं नाही. तीच आजीकडे गेली आणि म्हणाली, "तुला पोहायला कोणी शिकवलं?" त्या संध्याकाळी आम्हाला सासूबाईंच्या माहेरच्या तळीची हकीकत पहिल्यांदा कळली. घरात इतकी वर्षं राहून मलाही ती ठाऊक नव्हती.

आणि हे पुस्तक आपल्या मुलांना शहरातल्या मुलांपेक्षा जवळचं आहे. श्यामचं पालगड दापोलीकडचं. तिथली पडवी, आगर, फणस, सोवळं-ओवळं हे काही आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं अभ्याससाहित्य मात्र सासूबाई आहेत. त्या पोथी वाचतात तेव्हा मुलीला मांडीशी बसवा. ओवीची चाल कानात बसली की पुढे ज्ञानेश्वरी, एकनाथ परके वाटत नाहीत. आणखी एक करा. त्यांना धालोची, फुगडीची जी गाणी येतात ती जुन्या कॅलेंडरच्या पानामागे ठळक अक्षरांत लिहून काढा, कोंकणी असेल तर कोंकणीत. मुलीला गाणं तोंडपाठ आहे, तिने फक्त गाताना शब्दाखाली बोट फिरवायचं. माझी धाकटी अशीच वाचायला लागली. तिसऱ्या-चौथ्या कागदावर तिचं बोट एका शब्दावर थांबलं आणि ती ओरडली, "हा 'चंद्र' मागच्या कागदावरपण होता!" लिपी एकच असल्यामुळे कोंकणीत कमावलेलं अक्षर मराठीत जसंच्या तसं चालतं. ही आपल्या गोव्याच्या मुलांची कमाई आहे, ती अडचण समजू नका.

संतकवी सोहिरोबानाथ आंबिये तुमच्याच पेडण्यातल्या पालयेशी नातं असलेले. बांद्याचं कुळकर्णीपण सोडून ते नाथपंथाला लागले. 'हरिभजनावीण काळ घालवू नको रे' हे पद सासूबाईंना नक्की येत असेल. तेही एका कागदावर घ्या.

डोळ्यांच्या गठ्ठ्यासाठी फार खर्च करू नका. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली मराठी पुस्तकं स्वस्त असतात आणि बारीक अक्षरांनी मुलाला दमवत नाहीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्या वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. मुलाला लाज वाटणार नाही अशा बेताने दुसऱ्या पातळीपासून सुरू करा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक संगणकावर उघडून वाचता येतात. मुलगा सरळ वाचायला लागला की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्याच्या हाती द्या, आणि त्यानंतर तुम्हाला सांगावं लागणार नाही. मुलीला विंदा करंदीकरांच्या बालकविता मोठ्याने वाचून दाखवा. विंदा आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातले, त्यांच्या शब्दांचा ठेका मुलांच्या पायांत येतो.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी मी प्रत्येक पानानंतर कठीण शब्दांचे अर्थ वहीत लिहून घेत असे. दोन महिन्यांत थोरला पुस्तक दिसलं की पोटात दुखतं म्हणायला लागला. वही बंद केली, पोटदुखी गेली. दिवेलागणीनंतर २० मिनिटं वाचा, एका वेळी एकच पुस्तक, आणि मूल विचारेल तेवढंच सांगा.

प्रश्न : जुन्या पुस्तकांत जातपात, शिवाशिव, बायकांना दिलेली वागणूक असं बरंच काही येतं. मी वाचून दाखवताना ते परिच्छेद गाळते. हे बरोबर आहे का?
— म्हापशाहून एक वाचक

उत्तर : मला ते पटत नाही, आणि का ते सांगते. 'श्यामची आई'तच एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी डोक्यावरून खाली पडते. कोणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर चढव, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. मी हे वाचत असताना थोरला ताडकन उठून बसला. "आंघोळ कशाला?"

त्या दिवशी तासभर वाचन पुढे गेलं नाही. आई चांगली आहे हे त्याला कळत होतं, मग ती आंघोळ का सांगते हे कळत नव्हतं. चांगल्या माणसाच्या घरातही शिवाशिव इतकी मुरलेली होती, ती माऊली अर्धी पायरी चढली आणि अर्धी राहिली, आणि ती मोळीवाली बाई त्या उन्हात किती वेळ उभी असेल, हे सगळं आम्ही बोललो. मी ती दोन वाक्यं गाळली असती तर त्याला एक गोड गोष्ट मिळाली असती, एवढंच.

पण एक सांभाळा. ७-८ वर्षांच्या आतल्या मुलाला जे पेलणार नाही ते पुस्तकच दोन वर्षं पुढे ढकला. वाचायला घेतलंत की मात्र मधलं काही गाळू नका. आणि एकाच बाजूचं वाचू नका. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. ती या वयात कानावर पडायलाच हवीत. जात्यावर, शेतात राबणाऱ्या बाईचं शहाणपण तिच्याच तोंडून ऐकलं, की बाकीच्या जुन्या पुस्तकांतल्या गप्प बायका मुलांच्या लक्षात येऊ लागतात. माझ्या धाकटीने एकदा विचारलं होतं, "या गोष्टीतली आजी काहीच का बोलत नाही?"

प्रश्न : पाठ्यपुस्तकं कोणत्या मंडळाची घ्यावीत? आणि पुढे दहावीचं काय? नातेवाईक रोज विचारतात.
— फोंडा

उत्तर : गणित आणि विज्ञानासाठी बालभारतीची किंवा एनसीईआरटीची पुस्तकं घ्या, दोन्हीकडची पीडीएफ फुकट उतरवता येते. दोन्ही एकदम चालवू नका, मूल गोंधळतं. पुढे मूल ज्या परीक्षेला बसवायचं मनात आहे तिच्याकडे बघून एक निवडा.

परिसर अभ्यासाचं पुस्तक मात्र मी कधीच विकत घेतलं नाही. बालभारतीचं पुस्तक महाराष्ट्राच्या मुलांसाठी केलेलं, त्यात आपली खाजनं, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेली शेतं, कुठून येणार? आम्ही मुलांना घेऊन मानशीवर, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, गेलो आणि भरती-ओहोटी पुरी होईपर्यंत तिथेच बसलो. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून नदीत जातं, भरतीला नदीचं पाणी बाहेरून दाबतं आणि तेच दार आपोआप लागतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. थोरल्याने वहीत त्या दाराचं चित्र काढून बाण दाखवले. पाण्याचा दाब हा धडा त्याला पुढे वेगळा शिकवावा लागला नाही. काही शंका आली की मराठी विश्वकोश उघडायची सवय लावा, तो संगणकावर सगळा आहे.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा सरळ रस्ता आहे. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की माध्यमिकला नाव घालता येतं. पाच विषय लागतात, त्यांत एक तरी भाषा हवी, आणि मराठी हा विषय घेता येतो. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे सगळे विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नाही. त्याआधीच्या वयासाठी त्यांचेच तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे टप्पे आहेत. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यात घरी शिकवण्याचा वेगळा उल्लेख नाही. पण ६ ते १४ वयाचं मूल पुन्हा शाळेत घालायचं ठरलं, तर वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश देण्याची तरतूद त्याच्या कलम ४ मध्ये आहे. नातेवाइकांना हे शेवटचं वाक्य वाचून दाखवा, आमच्याकडे त्यानेच शांतता झाली.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची, घरीच शिकते. भरपूर वाचते, पण सगळं इंग्रजी. मराठीत काय आहे, असं विचारते. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मी तिला उत्साहाने सांगितलं, तर म्हणाली, "पण त्यात आपल्या गोव्याचं काय आहे?" मला उत्तर देता आलं नाही.
— एक बाबा, डिचोली

उत्तर : दादा, प्रश्न फार चांगला आहे तिचा. उत्तर लांबलं तर रागावू नका, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

तिला आधी धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' द्या. सांकवाळचा मुलगा, जन्म १८७६ चा. शाळा धड झालेली नाही, घरच्या नारळाच्या बागा सांभाळायच्या, लग्न झालेलं, आणि मनात शिकायची अशी तहान की एका बालमासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि जीव लागला. घर सोडून आधी पुण्याला संस्कृत शिकायला, मग काशी, नेपाळ, सिंहलद्वीप म्हणजे श्रीलंका. खिशात पैसे नाहीत, पायी चालायचं, मिळेल ते खायचं. हाच माणूस पुढे पाली भाषेचा पंडित म्हणून हार्वर्डला गेला. १४ वर्षांच्या मुलीला, तीही घरी शिकणारी, याहून जवळचं पुस्तक मी तरी सांगू शकत नाही. भाषा अगदी साधी आहे, स्वतःबद्दल कुठेही मोठेपणा नाही, चुकाही जशाच्या तशा सांगितल्या आहेत. फक्त एक, पत्नीला आणि लहान मुलीला मागे ठेवून तो निघतो, त्यावर ती तुमच्याशी भांडेल. माझी धाकटी दोन दिवस भांडत होती. भांडू द्या, आणि तुम्ही कोसंबींची वकिली करू नका.

दुसरं पुस्तक महादेवशास्त्री जोशींचं 'आत्मपुराण'. ते आमच्या सत्तरीतल्या आंबेड्याचे, जन्म १९०६. भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड संपादित करणारा हा माणूस सत्तरीच्या रानातून आला, हे आमच्या इथल्या मुलांनाही सांगावं लागतं, याची मला खंत आहे. त्यांच्या कथांतली माणसं, देवळं, पावसाळे आपले आहेत. आमच्या घरी एक कथा वाचताना थोरला मध्येच म्हणाला, "हा पाऊस आपलाच आहे."

कविता वाचत असेल तर बोरकर आहेतच. बोरीचे बा. भ. बोरकर, मराठीतही लिहिलं आणि कोंकणीतही. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला सांगा. एकच माणूस एका भाषेत जे बोलतो ते दुसरीत कसं बोलतो, हे दोन्ही भाषा कानात असलेल्या मुलीलाच कळेल, पुण्याच्या मुलीला नाही कळणार. आणि गोष्टच हवी असेल तर माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. ते गोव्याचं नाही, माणदेशाचं आहे. पण धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला गेलेला कोवळा मास्तर आणि मेंढरांमागे जाणारी मुलं यांची ती कादंबरी आहे, आणि छोटीशी आहे. शाळा म्हणजे काय, हा प्रश्न घरी शिकणाऱ्या मुलांना एरवीही पडलेला असतो.

आता तिचा खरा प्रश्न, गोव्याचं काय. तिला घेऊन पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जा. आधी त्या नावाबद्दलच सांगा. केळशीच्या कृष्णदास शामांनी १५२६ साली कृष्णाच्या चरित्रावर मराठीत ओव्या रचायला घेतल्या. म्हणजे पोर्तुगीज येऊन जेमतेम सोळा वर्षं झाली होती. मग फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' मागा. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथे मराठी आणि कोंकणी शिकला, आणि ख्रिस्ताची कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत सांगितली. १६१६ साली ते रायतूरला, म्हणजे आताच्या राशोलला, छापलं गेलं. फुलांत मोगरा आणि सुगंधांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी, असं त्याने त्यात म्हटलं आहे. मायभाषा इंग्रजी असलेल्या माणसाने हे म्हटलं, हे इंग्रजीच वाचणाऱ्या तुमच्या मुलीला विशेष वाटेल.

तिला पूर्ण पुराण वाचायला सांगू नका, जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. एक खेळ द्या. ते पुस्तक तेव्हा रोमन अक्षरांत छापलं होतं, पोर्तुगीज वळणाने. एक्स लिहायचा आणि 'श' म्हणायचं, 'कि' लिहायला क्यू-यू-आय. आपल्या जुन्या जमिनीच्या कागदांवरची नावं तिने पाहिली असतील तर तिला हे वळण लगेच ओळखीचं वाटेल. त्या रोमन ओव्यांपैकी दोन-तीन उतरवून घ्या आणि तिला देवनागरीत लावायला सांगा. अक्षर लागत नसेल तर मोठ्याने म्हणून बघायचं, कान सांगतो शब्द कुठे तुटतो ते. यमक जुळलं की ओवी लागली.

माझ्या धाकटीला पहिली ओवी लावायला अख्खा रविवार लागला. पावसाने वीज गेली होती, ती पणतीपाशी कागद धरून पुटपुटत होती. दुसरी ओवी तिने जेवायला पानं मांडेपर्यंत लावली, आणि तिसरी आम्हा सगळ्यांना गाऊन दाखवली, आजीच्या पोथीच्या चालीवर.